अकरा दिवस

कुरेच्या टेकडीवर बसमधून उतरलो
तेव्हा किनुए आजीने आधी बादली मागितली,
मग काठी.
फाटकापाशी नळ आहे, वर लाकडी पळ्या टांगलेल्या.
अर्धीच भर, म्हणाली,
भरलेली हिंदकळते, आणि सांडलेलं त्यांना पोचत नाही.

इथं माणसांना दगड नाहीत, जहाजांना आहेत.
एका जहाजाचा एक दगड,
आणि त्याच्यावर, आत झोपायची तशीच दाटीवाटीने,
नावं: आचारी, तोफची, तारायंत्रवाले,
खालून दुसऱ्या ओळीत तोकुजी, बॉयलरखोली,
वय एकोणीस.

समोर बंदर. गोदीत कुणी पत्रा ठोकतंय;
हातोडा पडलेला आधी दिसतो,
आवाज नंतर चढून येतो.

आजीने पळीभर पाणी दगडाच्या माथ्यावर सोडलं.
खाऱ्या पाण्यात गेला, म्हणजे तहानेला गेला,
हे तिचं दर वर्षीचं वाक्य.
दुसरी पळी. तिसरी.
मला वाटलं झालं.
पण ती काठी टेकत वर निघाली, तीन रांगा,
दुसऱ्याच एका जहाजाकडे.

इथं आपलं कोण?
कुणी नाही, म्हणाली. धर बादली.

'टोपी मी लपवली होती.
कोंड्याच्या रांजणात, पार तळाशी.
टोपीवाचून खलाशाला जाताच येत नाही
असा माझा हिशोब. नऊ वर्षांची होते.
वडिलांनी चटया उचलून पाहिल्या,
आईने चुलीमागे हात घातला,
मी मुळ्याची फोड चघळत बसले.
सापडली तोवर गाडी गेली होती.
पुढच्या गाडीने तो पोचला तोवर हे गेलं होतं.'
तिने दगडावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.
'धक्क्यावर त्याला फार मारलं म्हणे.
मग त्या खालच्यावर चढवलं.'

हे आधी बुडालं.
ते अकरा दिवसांनी.

मी बोटांवर मोजू लागले
आणि एक बोट कमी पडलं.

त्या अकरांतलं एक पत्र घरी आलं.
बंदराचं नाव, वारा, पाऊससुद्धा
काळ्या पट्ट्यांखाली गेलेला.
उरलं ते एवढंच:
काल डेकवर उडते मासे पडले, भाजून खाल्ले.
टोपीला अजून कोंड्याचा वास येतो.
किनुएला सांगा, घरात उंदीर माजलेत,
रांजणावर झाकण ठेवत जा.

आईने पत्र दोनदा वाचून दाखवलं.
उंदीर? म्हणाली. आपल्याकडे कुठले उंदीर?

आजी हसली. दात नाहीत तिला, हसू आतच राहतं.
मला वाटलं, गोष्ट इथं संपली:
तिने भावाला अकरा दिवस दिले,
मासे दिले, तेवढं पुष्कळ.
मी तसं बोललेही.

ती बराच वेळ पळी हातात धरून होती.
'जहाज एक माणूस कमी घेऊन सुटत नाही गं.
धक्क्यावर उभा असेल कुणीतरी,
दोरखंड गुंडाळत, नाहीतर नुसताच,
त्याला म्हणाले असतील, तू चल.
त्याचं नाव यातलं कुठलं, मला कोण सांगणार?
म्हणून सगळ्यांना घालते.'

वरून खाली, उजवीकडून डावीकडे,
तिने पाणी सोडलं, हात थरथरत,
एकही ओळ कोरडी राहू न देता.
बादली मी दोनदा भरून आणली.
दुसऱ्यांदा तिने काठोकाठ भरायला सांगितली.

दगड ओला असेतो अक्षरं काळी उठून दिसतात.
मी पहिल्या नावापासून मोठ्याने वाचायला घेतली,
चुकत, अडखळत; जुनी अक्षरं मला नीट येत नाहीत,
ती मागून दुरुस्त करत होती.
चौथ्या ओळीशी होतो
आणि ढग सरकला,
वरचा कोपरा वाळू लागला.