कारण : इतर

नंबर तोच आहे का, तिनं विचारलं.
तोच आहे. ग्राहक क्रमांकही सापडला,
गॅसच्या पुस्तकात, पिवळ्या पावतीवर,
बाबांच्या अक्षरात.
साताला आडवी रेघ मारायची त्यांची सवय.

मग थोडं संगीत वाजलं.
मग ती म्हणाली, आमच्या परिवारात
आपलं पुन्हा स्वागत आहे.
मी म्हटलं, बरं.

अडीच वर्षांपूर्वी, बाबांच्या तेरवीला आलेल्या पुष्करनं
भिंतीला भोक पाडून पांढरी वायर आत घेतली
आणि जुनं कनेक्शन बंद करून टाकलं.
आत्या, म्हणाला, आता सगळं जग यात.
होतंही.
फक्त लावलं की आधी विचारायचं, कोण बघतंय?
चार गोल चेहरे.
पुष्कर, त्याची बायको, मुलं,
आणि चौथ्याच्या खाली लिहिलेलं : पाहुणे.
मी रोज संध्याकाळी, मानेवाड्यातल्या माझ्याच घरात,
पाहुण्यांवर बोट ठेवून आत जायची.

डिश गच्चीवरच होती.
सोडून गेलेल्याची डिश कोणी काढून नेत नाही.
कुरडयांवरचं प्लास्टिक उडू नये म्हणून
मी तिच्या दांड्याला दोरी बांधायची, तेवढाच तिचा उपयोग.
दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये म्हणतात,
दिवा ठेवू नये म्हणतात.
आमच्या गल्लीतल्या डिशी मात्र एकजात
बेसाच्या बाजूला, दक्षिणेकडे बघत बसलेल्या,
आणि कुणाला काही वाटत नाही.

प्रणय मेश्राम नावाचा मुलगा आला.
वर चढला, पान्याचा आवाज आला.
"आंधीनं जराशी फिरली जी काकू, बाकी काही नाही."
मग गच्चीवरून, "आला का?"
खालून मी, "नाही."
"आता?"
"नाही."
"आता पाहा बरं."

आला, तो चाळीसच्या आवाजात आला.
मे महिन्यातला आवाज. कूलर घरघरायचा,
बाबा त्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसायचे,
आणि बातम्यांना कूलरच्या वर ओरडावं लागायचं.
डब्यानं तेवढं जपून ठेवलं होतं.
आता डिसेंबर. कूलर माळ्यावर, ताट्या काढलेल्या,
आणि गार, गप्प खोलीत
कुणीतरी सोयाबीनचे भाव गर्जून सांगत होतं.
मला रिमोटवरचं बटण सापडेना.
किंवा सापडलं होतं.
डोर्लीकर बाई कुंपणाशी आल्या.
"पाहुणे आले का वो?"
"नाही," म्हटलं, "मीच आहे."

संध्याकाळी पुन्हा तिचा फोन.
परत येणाऱ्या ग्राहकांना पंधरा दिवस मोफत, मॅडम.
मला हसू आलं, ते तिला खोकल्यासारखं वाटलं असेल.

चौऱ्याण्णव साली मी काटोलहून परत आले,
एक पत्र्याची पेटी आणि शिलाई मशीन घेऊन.
ऑफर नव्हती.
कारणं मात्र विचारली गेली.
तीन मावश्या, तिघींनी आपापला पर्याय आणलेला,
मी नुसतं हो म्हणायचं होतं.
बाबांनी दार उघडलं.
"बस वेळेवर सुटली का?" एवढंच.
मग मशीन उचललं, एकट्यानं,
आणि खिडकीपाशी ठेवलं, जिथं दुपारनंतरही उजेड असतो.
पुढे तीस वर्षं आम्ही शेजारी बसून बातम्या पाहिल्या,
त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.
कधी वाटायचं, विचारावा.

शेवटचा एक प्रश्न, मॅडम.
आपण आम्हाला सोडून का गेला होतात?
किंमत, सेवा, की इतर?

मी खिडकीकडे बघत होते.

मॅडम, ऐकताय ना?

इतर, मी म्हटलं.

तिनं टाइप केलेलं ऐकू आलं, टक टक, लहानसंच.
मोफतचे दिवस सत्तावीस तारखेला संपतात, म्हणाली.
त्यानंतर दरमहा दोनशे एकोणसाठ.