पाचवं ‘का’

जपानच्या नाकागावांचं बोलणं
पुण्याची एक मुलगी मराठीत आणायची,
मराठीतलं मी तेलुगूत.
दोन हातांतून जाऊन शब्द मागापाशी पोचायचा
तोवर त्याचा थोडा चुरा झालेला असायचा,
धोट्याखाली पडतो तसा.

अक्कलकोट रोडचा आमचा टॉवेलचा कारखाना.
मार्च. पत्र्याखाली बेचाळीस.
पहिल्या आठवड्यात जमिनीवर पिवळे पट्टे आले,
भिंतीवर प्रत्येक पान्याची सावली रंगवली गेली,
म्हणजे पाना हरवला तर भिंतच बोंबलणार.
इराबत्ती जॉबर म्हणाला,
पान्याला घर मिळालं बे, मी अजून भाड्यानंच.
हे मी मराठीत आणलं नाही.

मग आली दोरी.
लाल, नायलॉनची, सगळ्या मागांवरून गेलेली.
कापडात खोट दिसली की ओढायची. कुणीही.
सगळं थांबेल.
सगळं थांबवायचं काम आमच्याकडे
विजेचं होतं, किंवा युनियनचं.
सतरा दिवस दोरी नुसती लोंबली.
कुणीतरी तिच्यावर टापेल वाळत घातला.

अठराव्या दिवशी राजमणीनं ओढली.

माग थांबले, आणि जे ऐकू आलं ते
पंख्याचं कुरकुरणं होतं, बाहेरचा टेम्पो होता,
कुणाच्या तरी डब्याचं झाकण.
वीस-वीस वर्षं ओठ वाचून बोलणारी माणसं
एकमेकांच्या आवाजाला दचकली.

का गं? का थांबिवलीस?
सुपरवायझर धावतच आला.
आमच्याकडे ‘का’ म्हणजे प्रश्न नव्हे.
थपडेआधी हात वर जातो ना,
तेवढा तो शब्द.
त्याला उत्तर देत नाहीत, मान खाली घालतात.

नाकागावा आले, तिला वाकून नमस्कार केला,
आणि विचारलं तेच.
मुलगी म्हणाली, का?
मी म्हणालो, एंदुकु?
राजमणीनं मान खाली घातली.

ते उकिडवे बसले,
पिवळ्या पट्ट्यावर, इस्त्रीच्या पॅंटसकट,
आणि वाट पाहत राहिले.
एवढंच एक मला भाषांतर करावं लागलं नाही.

का थांबवलं?
ताण्याचे धागे तुटतायत, गाळे पडतायत.
का तुटतायत?
सूत कच्चं.
कच्चं का?
या खेपेचं वेगळंय, हाताला कळतं.
आणि तिनं बोट पुढं केलं,
चिरा पडलेलं, जणू बिल दाखवतेय.
वेगळं का?
जुन्या गिरणीचं बंद झालं. आता दुसरीकडून येतं.

वहीत चार रेघा झाल्या.
पाचवं ‘का’ मुलीनं मराठीत आणून
माझ्या तळहातावर ठेवलं.
अजून गरम होतं.

दुसरीकडून म्हणजे शेठच्या मेहुण्याकडून.
हे राजमणीला ठाऊक, जॉबरला ठाऊक,
गोदामातल्या कुत्र्यालाही ठाऊक.
शेठ माझ्या मागं उभे होते.
न वाजलेला फोन त्यांनी कानाला लावला.

मी राजमणीकडे वळलोच नाही.
मुलीला सांगितलं,
तिला माहीत नाही म्हणते.

राजमणीला मराठी येतं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
कापडाकडे बघते तशी,
उजेडात धरून.

नाकागावांनी काहीतरी लिहिलं. मलाही वाकले.
त्या वाकण्याचं मला अजून
कुठल्याच भाषेत काही करता आलेलं नाही.

पट्टे आता पुसट झालेत.
पाने जागेवर नसतात, भिंत बोंबलत नाही.
दोरी मात्र शेठनी ठेवलीय,
बाहेरचे खरेदीदार आले की दाखवायला लागते.
अकरा नंबरच्या मागापाशून जाताना
मी तिला हात लावतो.
लावतो फक्त.