रिजेक्ट

डाळ मिलच्या मागच्या शेडमध्ये
बावीस जणी बसायचो आम्ही, मांडीवर सूप.
खडा, माती, काळा दाणा, टरफल.
नजर पडायच्या आधी बोट जायचं.
आता तिथे एक मशीन उभं आहे
आणि बावीसातल्या दोघी:
मी, अन् यावलची जैतून तडवी.

शेठने विचारलं, "धुरपताबाई, शिकशील का?"
त्रेपन्नावं चालू होतं. सातवी नापास.
म्हटलं, शिकते.
पगाराचं नंतर विचारलं.

शिकवायला कोइमतूरचा पोऱ्या आला.
त्याची हिंदी तुटकी, माझी त्याहून तुटकी;
मधल्या फटीतून जेवढं सांडलं
तेवढं वेचलं.
दाणा पडता पडता आतला कॅमेरा बघतो,
खोटा निघाला तर फुंकर मारून उडवतो.
मी म्हटलं, फुंकर आमचीच आहे की.
तो हसला. त्याला कळलं नसावं.

"टच करो, आंटी."
टच केलं. स्क्रीन हलली नाही.
तीस वर्षं तुरीने घासलेलं बोट,
रेशनच्या दुकानातही अंगठा उठत नाही,
मागची रांग म्हणते, हात पूस वं माय.
पोऱ्याने दुसऱ्या दिवशी रबरी टोकाची काडी आणली.
ती मी अंबाड्यात खोचते.

नातीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं:
हिरवं चालू. लाल बंद.
आकडा वाढला की मशीन कडक.
जैतूनला वाचता येत नाही,
ती आकड्यांना तोंडावरून ओळखते:
सात म्हणजे विळा,
आठ म्हणजे लेकीची वेणी.
तिचं माझ्याआधी पाठ झालं.

कोकिळा फाटकाशी भेटते दुपारी.
ती आता वेफरवाल्याकडे केळी सोलते,
नखं काळी पडलीत.
"तुले तं मशीननी ठी लिधं वं," म्हणते.
मला काही सुचत नाही.
कळण्याची भाकर अर्धी मोडते,
ती घेते. मिरची नको म्हणते.

पाळी संपली की रिजेक्टच्या पोत्यापाशी बसते.
मूठभर काढते, हातावर पसरते:
अकरा दाणे चांगले.
पोऱ्याला फोन लावला.
तो म्हणाला, सत्तरचे सहासष्ट करो.
अंबाड्यातली काडी काढून केले.
पुन्हा मूठ. चार.
"चार चलता है, आंटी."

चार चालतात.
पदराच्या टोकाला बांधून घरी आणते.