ग-चं कुंपण

आमच्या माळाचं नाव हौद.
पुण्यात चार वर्षं शिकलो म्हणून हसू येतं,
तुमच्या हौदात पाणी असतं.
आमच्या हौदावर वर्षातले आठ महिने
फक्त बाभळी, वाळवीची वारुळं
आणि पाठ केलेल्या कविता.

कविता म्हणजे कशी, तर एक अक्षर धरायचं.
ग धरला तर ग.
शंभर ओळी असोत, ओळीच्या दोन्ही अर्धांत
ग-ने उघडणारा एक तरी शब्द हवाच.
गेल म्हणजे उंट, गाजो म्हणजे भूक, गुरी म्हणजे घर,
गु म्हणजे पावसाळा (हसा, माझे पुण्याचे मित्रही हसायचे).
सगळे एका काटेरी कुंपणात कोंडलेले.
बाहेरचा शब्द आत शिरत नाही,
तरस हुंगून परत जातो.
लिपी नव्हती तेव्हाही आमचं काही हरवलं नाही
ते यामुळेच, असं मामा म्हणायचा.
एखादा शब्द निसटला तर शोधायचा कुठे?
कुंपणाच्या आतच.

कोशिन मामा. तोंडात दात तीन,
ओळी किती ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
ज्याची कविता त्याचं नाव आधी घ्यायचा,
मग काना-मात्रा न हलवता म्हणायचा.
"मी पखाल," म्हणायचा, "पाणी माझं नाही."

त्या वर्षी दोन कुळांत एका विहिरीवरून
एक माणूस पडला. मग दुसरा.
पलीकडच्या दीरियेने उत्तर धाडलं:
ग-ची कविता, एका कॅसेटमध्ये,
टोयोटाच्या काचेखाली तीन दिवस तापलेली.
मामाने दोनदा ऐकली. त्याला दोनदा पुरायचं.
बैठकीत कॅसेट लावत नाहीत,
माणसाने म्हणायची असते.

मोठ्या बाभळीखाली माणसं बसली.
बंदुका मांडीवर. सांडणीच्या दुधाचं भांडं मधोमध,
कुणी हात लावेना.
मामा म्हणत गेला, ग-मागून ग,
तांड्यातल्या उंटांसारखे,
एकाच्या शेपटीला दुसऱ्याची दोरी.
आणि शेवटच्या ओळीत थांबला.

"तुमच्याकडे धाडतो आहे माझं..."

माझं काय?
कुंपणात दोन शब्द उभे होते.
गोगोल: बोलणी करायला अंथरतात ती चटई.
गोदोब: न फिटलेलं रक्त, पोटात जपलेला डूख.
दोन्ही ग-चे. लांबी एक, वजन एक.
वृत्त म्हणत होतं, कुठलाही घे.
मामाच्या कपाळावरची शीर उडत होती.
मी सोळा वर्षांचा, किटली धरून उभा,
आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं
की कुंपण तरसाला अडवतं,
आतल्या दोघांत मारका कुठला
ते काही सांगत नाही.

बायकांच्या बाजूने, चुलीच्या धुरातून
इबादो मामी म्हणाली, "गोगोल."
मोठ्याने नाही. मीठ दे म्हणावं तसं.
मामाने मान न वळवता शब्द उचलला,
ओळ पुरी केली.
कुणीतरी दुधाचं भांडं पुढे ओढलं.

पुढे बरंच झालं. उंट मोजले गेले, दंड भरला,
एक लग्न लागलं आणि टिकलंही.
विहीर मात्र दोन वर्षांत आटली.

मामा गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामीला विचारलं,
दीरिये खरंच गोगोल म्हणाला होता?
ती सुपात ज्वारी निवडत होती.
"तिथे फीत खरखरायची," म्हणाली.
"गो एवढंच यायचं. पुढे वारा."
एक खडा काढून तिने बाजूला ठेवला.
"गो तर त्याचाच होता."