वॉटर पंपाचं सील

तीन वर्षांपूर्वी पर्वरीच्या त्या काचेच्या शोरूममध्ये
मी तीनच प्रश्न विचारले:
ताशी किती पळते, लाल रंगात आहे का,
आणि हप्ता.
लोटलीकर नावाच्या पोराने तिन्हींची हसून उत्तरं दिली,
टाकीवर झेंडूचा हार घातला, पेढा भरवला.
बायको हळूच म्हणाली, फिल्टर कुठे मिळतो ते विचार.
झाकणाचं रबर मिळेना म्हणून
तिने एकदा अख्खा मिक्सर भंगारात दिलाय.
मी हप्त्याच्या कागदावर सही करत होतो.

डिचोलीत माझं औषधांचं दुकान.
दिवसभर लोकांना सांगतो,
ही कंपनी नाही, पण घटक तोच आहे, घ्या.
घेतात.
बरेही होतात.

आता अस्नोड्याच्या पुलाअलीकडे
कुस्तोदच्या गॅरेजमध्ये ती उभी आहे,
इटलीतल्या कुठल्याशा गावची,
पोटाखाली डालड्याचा जुना डबा,
त्यात हिरवं पाणी ठिपकतंय.
आतलं एक सील गेलंय.
रबराची कडी,
माझ्या मुलीच्या करंगळीत बसेल एवढी.

शोरूमच्या जागी आता सोफे विकतात.
मी गेलो तेव्हा, बसा, म्हणाले.
बसलो.
सोफाही इटलीचाच होता.

पुणं म्हणतं, बंगळुरूला विचारा.
बंगळुरू म्हणतं, मागणी नोंदवली आहे,
सहा ते चौदा आठवडे,
सील सुटं येत नाही, पंप अख्खा घ्यावा लागतो,
वर जकात.
पंपाची किंमत ऐकली त्या संध्याकाळी
मी एकाच गिऱ्हाइकाला दोनदा सुट्टे पैसे परत दिले.

वडिलांची स्कूटर कुस्तोदने एकोणीस वर्षं ओढली.
तिचा कुठलाही भाग म्हापशाच्या शुक्रवारी
चवरिसांच्या माळांशेजारी, गोणपाटावर,
घासाघीस करून मिळायचा.
ती ताशी पन्नास जायची.
ही दोनशे वीस जाते, म्हणजे जाऊ शकते.
डिचोली ते म्हापसा रस्त्यावर
म्हशींना ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

कुस्तोदचा उजवा गुडघाही बाहेरचा आहे.
मार्चमध्ये बांबोळीला बदलला, जर्मनीचा.
मंगळवारी माप घेतलं, गुरुवारी बसवला,
सगळे आकार म्हणे कपाटात तयार असतात.
पंद्रा वर्सां चलतलो, तो सांगतो,
मागीर म्हजे पार्ट कोण सोदता?
आणि स्वतःच हसतो, पाना मांडीवर आपटत.

काल तो मालिमच्या जेटीवर जाऊन आला.
ट्रॉलरच्या पंपांची सीलं, मूठभर,
खिशात सुट्ट्या नाण्यांसारखी.
पहिलं सैल. दुसरं जाड.
तिसरं कापलं गेलं.
चौथं त्याने काचेवर पॉलिश पेपर ठेवून
गोल गोल घासलं, पाऊण तास,
मध्ये एकदा डोळे मिटून, अंगठ्याने चाचपत.
माप विचारलं तर म्हणाला, माप हांगा आसा,
आणि अंगठा दाखवला.

त्याचा थोरला स्विंडनला गोदामात आहे,
धाकटा विमानतळावर बॅगा चढवतो.
गॅरेजच्या भिंतीवर दोघांची लहानपणची उंची
ग्रीसच्या बोटाने आखलेली आहे अजून.
तो अंगठा कुठून मागवायचा,
किती आठवड्यांत येतो,
हेही मी आजवर विचारलेलं नाही.

घटक तोच आहे का, मी विचारलं.
रबर म्हणजे रबर, तो म्हणाला. खाऱ्या पाण्यात टिकतं,
तुझ्या गोड्यात का नाही?

बटण दाबलं. ती सुरू झाली,
पत्रा थरथरला, शेजारचं कुत्रं उठून लांब गेलं.
काटा वर चढत गेला, मध्यावर थांबला.
मी पाकिटाला हात घातला.
तो म्हणाला, राव.
डबा त्याने पुसून पुन्हा पोटाखाली सरकवला
आणि आम्ही दोघं बघत बसलो,
मी वाकून,
तो एक पाय सरळ ठेवून, रंगाच्या डब्यावर,
कोरड्या तळाकडे.