आ करा

बरबँकच्या दवाखान्यात
मी लोकांचे दात साफ करते.
पिशवीत एकशे बारा पानं,
तीन भोकं, दोनच पितळी पिना.
मधलं रिकामं ठेवायचं, इथली रीत.

एजंटांना पत्रं गेली एकेचाळीस.
आलं ते एकच उत्तर : एका वाक्यात सांगा.
एका वाक्यात मावली असती
तर सहा वर्षं कशाला घालवली असती बाई?

आज खुर्चीत निर्माते हॅलोरन.
भूल चढलेली, तोंडात नळी,
नाही म्हणायची सोयच नाही.
मी सांगत गेले, दाढेमागून दाढ,
ती विधवा, तिचा ट्रक, नेवाडातली रात्र...

"चूळ भरा."
भरली. लोंबत्या ओठावरची लाळ टिपत
जड जिभेने विचारलं,
"मग?"

मी शुक्रवारची वेळ लिहून दिली.
उजवी बाजू अजून बाकी आहे.