जोडाक्षराचा दर

क्वार्टर गेटजवळच्या आमच्या दुकानात
भिंतीवर एकच कॅलेंडर,
भवानी पेठेतल्या इटालियन मार्बलवाल्याने दिलेलं, सन चौऱ्याण्णव.
बारा महिने, बारा पुतळे, सगळे एकाच माणसाचे.
जुलै कधी उलटलाच नाही.
जुलैवर एक अर्धवट गडी होता,
डोकं अजून दगडातच,
एक गुडघा तेवढा बाहेर आलेला.
"मायकेलबाबा," पप्पा म्हणायचे,
जणू पंचहौदच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा
कुणी उजागरे.

पप्पांचं नाव शांतवन. काम : थडग्यांवरची अक्षरं.
दर अक्षरामागे. काना-मात्रा फुकट.
जोडाक्षर एक धरायचं की दोन
यावरून गिऱ्हाईक रडता रडता थांबायचं
आणि घासाघीस करायचं.
'ख्रिस्तवासी'चे चार की सहा?
मी वहीत सहा लिहायचे.
पप्पा चारचे पैसे घ्यायचे.

मायकेलबाबाची हकिगत त्यांना सांगितलेली
मिशन शाळेच्या सत्रेबाईंनी.
तान्हेपणी दूध पाजायला ठेवला तो पाथरवटाच्या घरी,
म्हणून छिन्नी दुधातूनच आली, असं तो स्वतः म्हणायचा.
दुसऱ्यांनी बिघडवलेला दगड, कित्येक पावसाळे पडून असलेला,
त्यातून त्याने पोरगा उभा केला, नजर लागेल असा.
छत रंगवताना रंग तोंडावर गळायचा.
बूट महिनोन्महिने काढायचा नाही, काढले की कातडं सोबत.
(इथे आई म्हणायची, जेवताना नको.)
अठ्ठ्याऐंशीचा होता, मरायला सहा दिवस,
तरी दगडापाशी उभा.
पण पप्पांना सगळ्यात धीर यायचा तो याने,
की पोपनेसुद्धा दगडाचे पैसे थकवले होते.
"बघ," म्हणायचे, "तिथेही उधारी."

एकदा विचारलं, त्याच्यात न् तुमच्यात फरक काय?
ते ओल्या फडक्याने भुकटी पुसत होते.
शिरोरेघ अजून द्यायची होती,
'ठोंबरे' सुटे सुटे लोंबत होते.
"तो नको तेवढा दगड काढायचा,
मग माणूस उरायचा.
मी हवं तेवढंच काढतो. उरतो तो दगड.
माणूस म्हणजे हा खड्डा. घाल बोट."
घातलं.
'ठो'च्या आत गार होतं.

दुकानामागे तडकलेली एक जाड लादी पडलेली,
कुणीतरी परत केलेली ऑर्डर.
रविवारी उपासनेहून आले की पप्पा तिच्यापाशी बसायचे,
इस्त्रीच्या शर्टातच.
अकरा वर्षांत एक गुडघा आला. डावा.
माझा बघून काढलेला,
सोलापूर रोडला सायकलवरून पडले होते
ती खूणसुद्धा होती त्यात.
पुढे काय येणार, मांडी की पोटरी,
हे त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

मग काळा ग्रॅनाइट आला, मशीन आलं,
अक्षरं उजेडानेच कापली जाऊ लागली.
पप्पा ससूनमधून घरी आले ते धाप घेऊन,
आणि हातात पाण्याचा पेला स्थिर राहीना.
माल मीच विकला.
लादी एका ठेकेदाराने नेली, वडगाव शेरीला,
कुणाच्या तरी ओट्यासाठी.
"सपाट बाजू वर घेऊ, हा उंचवटा सिमेंटात जाईल.
खालून कोण बघतंय?"
फुटाच्या भावाने दिली.

तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आज
त्याच्यावर कणीक मळत असेल,
मध्येच हात थांबवून म्हणत असेल,
दूध उतू गेलं वाटतं.

रात्री पप्पांनी विचारलं, "लादी कितीला गेली?"
आकडा सांगितला.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.
मग म्हणाले, "गुडघ्याचे वेगळे लावलेस ना?"

हो, म्हटलं. दोन धरले.